ईबेवरचे झाकलेले बोलीदार: बोलींच्या यादीतून काय कळतं, काय नाही

ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर जुन्या टपाल तिकिटाचा, नाण्याचा किंवा पोस्टकार्डाचा लिलाव उघडला की किमतीजवळ बोलींचा आकडा दिसतो. त्यावर क्लिक केलं की बोलींची यादी उघडते. हे परीक्षण त्या एका पानाचं आहे. समोरची चुरस खरी आहे की कुणीतरी मुद्दाम भाव चढवतंय, हे ठरवायला खरेदीदाराच्या हाती दुसरं फारसं काही नसतं.

पानावर प्रत्येक बोलीची रक्कम, तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ मिळते. बोली लावणाऱ्याचं नाव मात्र 'क*त' अशा रूपात येतं: खात्याच्या नावातली दोन अक्षरं, मधे तारे आणि कंसात फीडबॅकचा, म्हणजे आधीच्या व्यवहारांत मिळालेल्या शेऱ्यांचा, आकडा. स्वतःची बोली आपल्याला पूर्ण नावानं दिसते. विक्रेत्यालाही आपल्या लिलावातली सगळी नावं उघडी दिसतात, म्हणजे पडदा आहे तो बाकीच्या बोलीदारांसाठी आणि नुसतं पाहणाऱ्यांसाठी. भाव चढवण्यात ज्याचा फायदा त्याला सगळं दिसतं आणि ज्याचं नुकसान त्याला दिसत नाही, ही या व्यवस्थेची मुळातली अडचण आहे.

नावं सुरुवातीपासून झाकलेली नव्हती. पिअर ओमिड्यार यांनी १९९५ साली ऑक्शनवेब या नावानं हे संकेतस्थळ सुरू केलं. त्यानंतर दहाहून जास्त वर्षं, कोण कुणाच्या वस्तूवर बोली लावतंय हे कुणालाही पाहता यायचं. २००६च्या अखेरीस महाग वस्तूंच्या लिलावांपासून नावं झाकायला सुरुवात झाली आणि पुढे सगळीकडेच ती झाकली गेली. त्यामागचं कारण खरं होतं. लिलाव संपला की ठग दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराचं नाव यादीतून उचलायचे आणि त्याला विक्रेत्याच्या नावानं ईमेल पाठवायचे: जिंकणाऱ्यानं पैसे भरले नाहीत, वस्तू तुमच्याच बोलीच्या किमतीत देतो, पैसे थेट पाठवा. थोडक्यात हुकलेल्या वस्तूसाठी संग्राहक किती हळवा झालेला असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नावं झाकल्यावर हा रस्ता बऱ्याच अंशी बंद झाला. त्याचं श्रेय ईबेला द्यायलाच हवं.

नाव झाकण्याचे आणखी दोन फायदे संग्राहकांच्या बोलण्यात फारसे येत नाहीत. पहिला जाणकाराचा. एखाद्या तिकिटाचं परफोरेशन (कडेची छिद्रं) किंवा वॉटरमार्क (कागदातली पुसट खूण) नेहमीपेक्षा वेगळा आहे हे विक्रेत्याच्या लक्षात आलेलं नाही, पण त्या विषयात मुरलेल्या माणसाला ते फोटोतूनच कळलं. त्याचं नाव उघडं असेल तर तो कुठे थांबलाय हे बघून मागून दहा जण येतात आणि वर्षानुवर्षांच्या अभ्यासाचा मोबदला त्याच्या हातून जातो. दुसरा फायदा रिंगच्या विरोधात आहे. टेंडरमध्ये ठेकेदार रिंग करतात तशी लिलावातही होते. १९९०च्या दशकात उत्तर अमेरिकेत ११ तिकीट व्यापाऱ्यांची अशी रिंग चालत होती, आणि अर्थशास्त्रज्ञ जॉन अ‍ॅस्कर यांनी २०१० साली तिच्या अंतर्गत हिशेबाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. खऱ्या लिलावाआधी हे व्यापारी आपसात छोटा लिलाव करून बोली कुणी लावायची ते ठरवायचे, बाकीचे गप्प बसायचे आणि वाचलेले पैसे नंतर वाटून घेतले जायचे. अशी रिंग एकमेकांवरच्या नजरेवर टिकते. गप्प बसायचं कबूल केलेल्यानं चोरून बोली लावली तर ती दिसायला हवी. नावं झाकली की तिथेच तिचा पाया खचतो.

तरीही नावं झाकल्यामुळे जे गेलं ते मोठं आहे.

२००० सालचं एक प्रकरण बघा. अमेरिकन चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्न यांचं वाटावं असं एक चित्र ईबेवर २५ सेंटच्या सुरुवातीच्या किमतीला आलं आणि बोली १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेली. विक्रेत्यानं दुसऱ्या खात्यातून आपल्याच चित्रावर बोली लावल्याचं उघड झाल्यावर ईबेनं व्यवहार रद्द केला. पुढे अमेरिकेत फौजदारी खटला झाला. त्यात तीन जणांनी मिळून ४०हून जास्त खाती वापरल्याचं आरोपपत्रात होतं. त्या काळात खात्यांची नावं उघडी असल्यामुळे जुने लिलाव एकमेकांशी ताडून बघणं पत्रकारांना आणि साध्या वापरकर्त्यांनाही शक्य होतं. हीच चौकशी आज बाहेरच्या माणसाला करता येणार नाही. ती फक्त ईबे करू शकतं, आणि अंतिम किमतीवर टक्केवारीनं शुल्क घेणारी संस्थाही तीच आहे. ईबे खोट्या बोलींकडे काणाडोळा करतं असा याचा अर्थ नाही. नियमानं त्या बंद आहेत आणि खातीही बंद केली जातात. पण ज्याचं उत्पन्न भावाबरोबर वाढतं तोच एकटा पहारेकरी उरला, तर पहाऱ्याचा हिशेब त्यानं लोकांसमोर मांडायला हवा.

लिलाव चालवणाऱ्यावर आंधळा विश्वास किती महाग पडतो हे संग्रहाच्या दुनियेनं पाहिलेलं आहे. बेसबॉल कार्डांच्या व्यापारातलं अमेरिकेतलं एके काळचं सर्वांत वजनदार नाव म्हणजे बिल मास्ट्रो. आपल्या लिलावगृहात खोट्या बोलींनी किमती चढवल्याची कबुली त्यांनी २०१३ साली न्यायालयात दिली आणि २०१५ साली त्यांना २० महिन्यांची कैद झाली. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं 'टी२०६' मालिकेतलं प्रसिद्ध कार्ड कडेनं कापून सुबक केलं होतं, हेही त्यांनी कबूल केलं. ते कार्ड त्याआधी २००७ साली २८ लाख डॉलरला विकलं गेलं होतं. हा संशय इंटरनेटहूनही जुना आहे. १८९३ सालीच अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दम्प्टन गावातून तिकिटांचे टपाली लिलाव होत. बोलीदार आपली कमाल किंमत पत्रानं कळवायचा आणि जिंकला तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या आसपास पैसे भरायचा. ईबेची प्रॉक्सी बोली म्हणजे जवळपास हीच पद्धत: तुम्ही कमाल सांगता आणि यंत्रणा दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या एक ठरावीक वाढ पुढे, गरजेपुरतीच, तुमची बोली नेते. तेव्हाही लिफाफे उघडणाऱ्याला प्रत्येकाची कमाल माहीत असे आणि तो मधे एक खोटी बोली घुसवेल ही भीती असेच.

आता पानाकडे वळू. यादीतल्या झाकलेल्या नावावर क्लिक केलं की त्या बोलीदाराचा ३० दिवसांचा गोषवारा उघडतो: एकूण किती बोली, किती वस्तूंवर, त्यातल्या किती टक्के याच विक्रेत्याच्या वस्तूंवर, किती बोली मागे घेतल्या आणि गेल्या सहा महिन्यांत किती मागे घेतल्या. त्याखाली वस्तूंचे विभाग, 'विक्रेता १', 'विक्रेता २' अशी बिननावाची नोंद आणि प्रत्येक लिलावात शेवटची बोली संपण्याच्या किती आधी पडली ते. हा गोषवारा हे या पानाचं सगळ्यात मौल्यवान अंग आहे आणि बहुतेक खरेदीदार तो उघडतच नाहीत.

वाचताना टक्केवारीच्या आधी वस्तूंची संख्या बघा. १ वस्तू, ६ बोली, १०० टक्के: यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण एकाच लिलावात उतरलेल्या कुणाचाही आकडा शंभरच येणार. २३ वस्तू, ४१ बोली, ९६ टक्के असं असेल तर थांबा आणि विभाग बघा. खरा संग्राहक विषयाला धरून असतो. तिकिटांचा माणूस चार विक्रेत्यांकडे तिकिटंच बघतो. खोटा बोलीदार विक्रेत्याला धरून असतो. विक्रेत्यानं आज नाणी, उद्या कॅमेरे आणि परवा बाहुल्या काढल्या की हा तिन्हीकडे हजर. विक्रेता एकाच अरुंद विषयाचा असेल, समजा एकाच छोट्या देशाच्या महसुली मुद्रांकांचा, तर प्रामाणिक गिऱ्हाइकाची टक्केवारीही नव्वदीत जाऊ शकते. तिथे हा आकडा कामाचा नाही.

त्यानंतर शेवटच्या बोलीची वेळ. ईबेवर लिलाव ठरल्या सेकंदाला बंद होतो, मुदत वाढत नाही. त्यामुळे सराईत खरेदीदार शेवटच्या क्षणी येतात. अर्थशास्त्रज्ञ आल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली दाखवलं की अ‍ॅमेझॉनच्या त्या काळच्या लिलावांत, जिथे उशिरा आलेल्या बोलीनं मुदत वाढायची, ही शेवटची झुंबड बरीच कमी होती. भाव चढवणाऱ्याला मात्र शेवट टाळायचा असतो. वस्तू त्याच्याच गळ्यात पडली तर विक्री बुडते आणि सगळा उद्योग पुन्हा करावा लागतो. गोषवाऱ्यात एकामागून एक '२ दिवस आधी', '१९ तास आधी', '१ दिवस आधी' असंच दिसत असेल, वर एकाच विक्रेत्याची टक्केवारी मोठी असेल आणि विभाग विखुरलेले असतील, तर तिन्ही खुणा जुळल्या. अशा लिलावातून बाहेर पडणं शहाणपणाचं.

नुसत्या एका खुणेवर कुणालाही खोटं ठरवू नका. शून्य फीडबॅकचा माणूस दोन-दोन डॉलरनं सात वेळा बोली वाढवतोय हे दृश्य भयंकर दिसतं, पण नवखे लोक असंच करतात. प्रॉक्सी बोली कशी चालते हे त्यांना ठाऊक नसतं, 'तुमच्यापेक्षा जास्त बोली आली' असा निरोप आला की ते पुन्हा बटण दाबतात. फीडबॅकचा मोठा आकडाही हमी देत नाही. मे २००८पासून विक्रेत्यांना खरेदीदाराला नकारात्मक शेरा देता येत नाही, त्यामुळे बोलीदाराच्या नावाशेजारचा आकडा व्यवहार किती झाले एवढंच सुचवतो, पैसे वेळेवर दिले का ते नाही. विक्रेत्याच्या बाबतीत नाव टिकवण्याला मोल आहे. संशोधक पॉल रेझनिक आणि सहकाऱ्यांनी जुन्या पोस्टकार्डांच्या सारख्या जोड्या एकाच अनुभवी विक्रेत्याकडून, एकदा त्याच्या मुरलेल्या खात्यावरून आणि एकदा कोऱ्या खात्यांवरून विकून पाहिल्या. २००६ साली छापून आलेल्या या प्रयोगात मुरलेल्या नावाला ८.१ टक्के जास्त किंमत मिळाली. बोलीदाराच्या नावाला असं कुठलंच मोल या व्यवस्थेत उरलेलं नाही.

सगळ्यात घातक युक्ती बोली मागे घेण्याची आहे आणि ती आकड्यांतच समजते. समजा तुमची कमाल ६० डॉलर, दुसऱ्या क्रमांकाची कमाल २२. ५ ते २४.९९ डॉलरच्या टप्प्यात ईबेची वाढ ५० सेंटची असते, म्हणून किंमत २२.५० वर उभी आहे. आता एक खातं ५०० डॉलरची बोली टाकतं. २५ ते ९९.९९ डॉलरच्या टप्प्यात वाढ १ डॉलरची, म्हणून किंमत ६१ होते आणि तुमची कमाल ६० होती हे उघडं पडतं. मग 'रक्कम चुकून टाकली' असं कारण देऊन ती बोली मागे घेतली जाते आणि किंमत परत २२.५० वर येते. काही तासांनी दुसरं खातं ५९ ची बोली लावतं. किंमत बरोबर ६० होते आणि २२.५० ला मिळणारी वस्तू तुम्ही ६० ला घेता. नियम असे: लिलाव संपायला १२ तासांहून जास्त वेळ असेल तर बोली मागे घेता येते आणि त्या लिलावातल्या त्या माणसाच्या सगळ्याच बोली रद्द होतात. शेवटच्या १२ तासांत लावलेली बोली फक्त लावल्यापासून एका तासाच्या आत मागे घेता येते. म्हणून हा खेळ बहुधा आदल्या दिवशीपर्यंत उरकलेला असतो. मागे घेतलेल्या बोलींची नोंद यादीच्या तळाशी असते. तिथपर्यंत खाली जा, आणि 'स्वयंचलित बोली दाखवा' हा पर्यायही चालू करा. त्याशिवाय कोणती बोली माणसानं लावली आणि कोणती यंत्रणेनं वाढवली हे वेगळं दिसत नाही. तुमच्या बोलीवर असा प्रकार झालेला दिसला, तर विक्रेत्याला आधी लेखी विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच्या लिलावात पुन्हा उतरू नका.

लिलाव संपल्यावरच्या खुणाही बघण्यासारख्या आहेत. विकलेल्या वस्तूंच्या शोधात साधारण ९० दिवसांचे निकाल मिळतात. तीच वस्तू, त्याच फोटोसह, तोच डाग आणि तोच दुमडलेला कोपरा घेऊन दोन-तीन आठवड्यांत परत विक्रीला आली, तर आधीचा 'विजेता' एक तर पैसे न भरणारा होता किंवा विक्रेत्याचाच माणूस. एकदा घडलं तर पहिली शक्यता धरा. खरेदीदाराला पैसे भरायला चार दिवस असतात, त्यानंतर विक्रेता व्यवहार रद्द करू शकतो, आणि असे बुडवे खरोखरच पुष्कळ आहेत. एकाच विक्रेत्याकडे वरचेवर घडत असेल तर दुसरी. हुकलेल्या लिलावानंतर काही तासांतच, नेमक्या तुमच्या कमाल रकमेला दुसऱ्या संधीचा प्रस्ताव (विक्रेत्यानं हरलेल्या बोलीदाराला वस्तू देऊ करणं) आला तर तो लगेच स्वीकारू नका. ही सोय मुळात चांगली आहे, पण त्या प्रस्तावाची किंमत खोट्या बोलीदारानं तुमच्याकडून काढून घेतलेली असू शकते. हुकवणारा कोण होता त्याचा गोषवारा आधी वाचा. प्रस्ताव ईबेच्या संदेशपेटीत नसून फक्त ईमेलवर आला असेल, तर तो सरळ फसवणुकीचा समजा.

एक मोजमाप असं आहे की त्याला कुणाच्याही नावाची गरज नाही. प्रत्येक खरेदीची नोंद ठेवा: विक्रेता, तुमची कमाल, प्रत्यक्ष किंमत. स्वच्छ लिलावांत या दोन रकमांमधलं अंतर कधी मोठं, कधी लहान, असं वेडंवाकडं पडतं. एखाद्या विक्रेत्याकडे मात्र दर वेळी कमालीपर्यंत किंवा तिच्या एका वाढीच्या आत किंमत येऊन थांबत असेल, तर तुमची कमाल कुणीतरी चाचपतंय. आठ-दहा खरेदी होईपर्यंत निष्कर्ष काढू नका. आकडा पूर्ण डॉलरचा न ठेवता ६१.३७ असा ठेवला तर हे वाचणं सोपं जातं: शेवटची किंमतच ६१.३७ आली की तुमची कमाल पूर्ण वापरली गेली हे निर्विवाद.

चाचपणीपासून वाचायचं असेल तर बोली शेवटच्या पाच ते दहा सेकंदांत, एकदाच आणि पूर्ण कमालीची लावा. तुमची कमाल उघडी पाडायला वेळच उरला नाही की ५०० टाकून मागे घेण्याचा खेळ होत नाही. हे आपोआप करणाऱ्या गिक्सनसारख्या सेवा आहेत, पण आपल्या वतीनं बोली लावायला त्यांना ईबे खात्यात शिरावं लागतं. पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देण्याची तयारी नसेल तर घड्याळ लावून स्वतः बसा. यानं एक गोष्ट मात्र टळत नाही: विक्रेत्याच्या माणसानं आधीच मोठी बोली टाकून ठेवली असेल तर ती छुप्या राखीव किमतीसारखी, म्हणजे जिच्या खाली वस्तू विकलीच जात नाही अशा किमतीसारखी, काम करते. तिच्यापुढे तुमची कमाल हाच एक अडसर आहे. म्हणून ती लिलाव बघण्याआधी, जुन्या विक्रींवरून ठरवा.

'खाजगी' म्हणून नोंदवलेल्या लिलावात बोलीदारांचा हा गोषवाराही बाहेरच्यांना मिळत नाही. फार महाग वस्तूंसाठी विक्रेत्याला हे हवं असणं समजू शकतं. चाळीस डॉलरच्या पोस्टकार्डाला त्याची गरज काय, हे त्यानं सांगावं. तो सांगत नसेल तर अशा लिलावात लवकर बोली लावू नये, हे आमचं स्पष्ट मत.

या पानाला आम्ही पाचपैकी अडीच गुण देतो. अर्धे गुण कापण्यामागे झाकलेलं नाव हे कारण नाही. ओळख आणि खूण या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ईबेनं ओळख झाकताना खूणही मोडली. दोन अक्षरं आणि तारे एवढ्यावर एका लिलावातला 'क*त' आणि दुसऱ्या लिलावातला 'क*त' एकच आहे असं खात्रीनं म्हणता येत नाही. प्रत्येक खात्याला एक कायमचा बिननावाचा क्रमांक दिला असता तर ठगांना ईमेल पाठवता आला नसता, जाणकार झाकलेला राहिला असता आणि तरीही एकच क्रमांक एका विक्रेत्याच्या मागे फिरतोय हे कुणालाही दिसलं असतं. दुसरी उणीव त्याहून सोपी आहे. गोषवाऱ्यात बोली किती लावल्या ते आहे, जिंकल्या किती ते नाही. खोट्या बोलीदाराची सगळ्यात पक्की ओळख म्हणजे तो जवळपास कधीच जिंकत नाही. ४१ बोली आणि शून्य विजय, एवढी एक ओळ छापली असती तर वरचे अर्धे हिशेब करावे लागले नसते.

कायदाही इथे अडतो. अमेरिकेच्या एकसमान व्यापारी संहितेचं कलम २-३२८ सांगतं की विक्रेत्यानं आधी न कळवता स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावली, तर खरेदीदार व्यवहार मोडू शकतो किंवा शेवटच्या प्रामाणिक बोलीच्या किमतीला वस्तू घेऊ शकतो. २२.५० आणि ६० मधला फरक परत मागण्याचा हा सरळ हक्क आहे. पण शेवटची प्रामाणिक बोली कोणती, हे तारे बघून सिद्ध करता येत नाही.

तक्रार करायची वेळ आली तर ती नेमकी करा. वस्तूचा क्रमांक, बोलींच्या पूर्ण यादीचा स्क्रीनशॉट, ३० दिवसांच्या गोषवाऱ्याचा स्क्रीनशॉट, मागे घेतलेल्या बोलींच्या वेळा, आणि त्याच विक्रेत्याच्या निदान तीन लिलावांतला तोच नमुना. गोषवारा फक्त गेल्या ३० दिवसांचा असतो, त्यामुळे स्क्रीनशॉट संशय आला त्याच दिवशी घ्या. महिन्यानंतर तेच पान उघडलं तर ते आकडे तिथे नसतील.